पंखा बंद करण्यासाठी मेंदू बदलण्याची गरज नाही

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशाचा दावा असा आहे की, रोज वीस मिनिटे याप्रमाणे २१ दिवस ध्यान केल्यास मेंदूची रचना बदलते, उकाडा जाणवेनासा होतो, पंखा-कूलरची गरज उरत नाही आणि विजेचे बिल निम्म्यावर येते. पुराव्यादाखल तिबेटी साधू आणि लंडनचे टॅक्सीचालक जोडले आहेत. एरवी असा मजकूर वाचून सोडून देता येतो; परंतु मिरजेच्या माझ्या सत्तरीतल्या आत्याने तो प्रमाण मानून ऐन एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत पंखा बंद करून बसण्यास सुरुवात केल्यामुळे हे लिहिणे भाग पडले.

यातला सर्वांत घातक भाग उकाडा न जाणवण्याचा आहे. शरीराचे तापमान मेंदूतील हायपोथॅलॅमस सांभाळतो. ते चढू लागले की त्वचेकडचा रक्तपुरवठा वाढतो, घाम येतो, घाम वाळताना अंग थंड होते आणि पंखा नेमके हे वाळणेच जलद करतो. ध्यानाने उकाड्याचा त्रास कमी वाटेलही, पण कानात बोळे घातल्याने कुकरमधली वाफ कमी होत नाही. उतारवयात तहानेची जाणीव आणि घाम दोन्ही मंदावतात, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी घटते. अशा व्यक्तीला शरीराच्या सूचनेकडे दुर्लक्ष करण्यास शिकवणे म्हणजे तिला उष्माघाताच्या तोंडी देणे होय. राहिले तिबेटी साधू. त्यांच्यावरील प्रयोगांत श्वसनाच्या विशिष्ट पद्धतीने शरीराचे तापमान वाढल्याचे आढळले होते! ही विद्या सांगलीच्या उन्हाळ्यात कोणाच्या कामाची, हे संदेशकर्त्यानेच सांगावे.

सरावाने मेंदू बदलतो, एवढे मात्र मान्य करावे लागते. लंडनचे हजारो रस्ते पाठ करून परवाना मिळवणाऱ्या टॅक्सीचालकांच्या मेंदूत, स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसच्या मागील भागात वाढ झाल्याचे २०११ च्या अभ्यासात दिसले. परंतु ती काही वर्षांच्या घोकंपट्टीनंतरची होती आणि परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्यांत ती आढळली नाही. ध्यानापुरते बोलायचे तर विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पुरेसा आहे. दोनशेहून अधिक लोकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून, त्यांपैकी एका गटाला आठ आठवड्यांचे ध्यानप्रशिक्षण दिल्यानंतरही, इतर गटांच्या तुलनेत त्याच्या मेंदूच्या रचनेत फरक आढळला नाही. हे संशोधक ध्यानाचे विरोधक नव्हेत, त्यांच्या केंद्रात ध्यानावरच वर्षानुवर्षे काम चालले आहे. आठ आठवड्यांत जे दिसले नाही, ते तीन आठवड्यांत घडते असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा.

निम्म्या बिलाचे गणितही बसत नाही. ७५ वॅटचा साधा पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट लागतात. त्याजागी सुमारे ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा, पंखा लावला तर ११ युनिटांत भागते आणि वाराही मिळतो. २००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास तापवला तर महिन्याला ३० युनिट जातात, त्याचा संदेशात उल्लेखही नाही. मोबाइल न लावता प्लगमध्ये राहिलेल्या चार्जरवर मात्र तीन ओळी खर्ची पडल्या आहेत, ज्याची ओढ सहसा अर्ध्या वॅटहूनही कमी असते.