जेल नखं बोअरच्या पाण्यानं सुटत नाहीत
आमच्या दारव्हा तालुक्यात मेसेज फिरतोय: बोअरच्या खारट पाण्यानं जेल नखं (नखांवर खास यूव्ही दिव्याखाली वाळवून बसवलेला जेलचा थर) सुटतात, कड उचलली की फेविक्विक लावा. बायांनो, असं करू नका. नखावर तेलकटपणा राहिला, मुळाशी चिकटलेली पातळ कातडी निघाली नाही, जेल कातडीवर गेलं किंवा दिव्याखाली नीट वाळलं नाही, तर कड सुटते. फेविक्विकनं ओल आत कोंडते, जंतू वाढतात, नख हिरवं पडतं.

परवा एका ताईनं कापूस वेचताना अडकलेलं जेल ओढलं. नखाचा पांढरा पापुद्राच सोबत आला. सुटलेला भाग फायलरनं हलकेच घासा, उरलेलं जेल अ‍ॅसिटोननं (नेलपॉलिश काढायच्या द्रवानं) सुटणारं असेल, तर त्याच्या बोळ्यानं १०-१५ मिनिटं भिजवून सोडवा. हिरवट दिसलं, ठणकलं, तर आधी डॉक्टर. नवं जेल नंतर.