'घरात बसून' लिहिणाऱ्याचं उत्तर

ताई, नमस्कार.

अपंग मुलांच्या खाण्याबद्दल आणि खेळाबद्दल मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली: "घरात बसून नाचणीचे आणि खेळाचे उपदेश करणं सोपं आहे. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, घास गिळताना ठसका लागतो. शाळेत शिक्षक दोन, रॅम्प नाही. रोज 60 मिनिटं त्याला खेळवणार कोण? आणि डाऊन सिंड्रोमच्या मुलांना कोलांट्या मारायला सांगता, ते धोक्याचं आहे."

कोलांटीचं तुमचं बरोबर. त्यातल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोलांटी नको. ते वाक्य काढलं. झालं?

आता 'घरात बसून'. कोणाच्या घरात, ताई? वेंगुर्ल्याजवळच्या ज्या घरात मी वाढलो, तिथे माझा धाकटा भाऊ पोलिओचा पाय घेऊन खळ्यात बसायचा. रडला की शेजारची आजी म्हणायची, "तेका दोन बिस्किटां दी गे, गप रवात." शाळेत पीटीच्या तासाला त्याच्याकडे काम एकच, पोरांची दप्तरं राखायचं. बसून बसून वजन वाढलं. सातवीत पायाला आधाराला लावायच्या कॅलिपरचा वरचा पट्टा मांडीला पुरेना, बाबांनी चपलेच्या जुन्या वादीचा तुकडा जोडून तो वाढवला. घाटी चढताना आई त्याला पाठुंगळीला घ्यायची, तिची कंबर तिथेच गेली. उपदेश मला कुठून सुचला, ते कळलं ना?

त्याच वर्षी मे महिन्यात बाबांनी त्याच्या पोटाला तरंगायला दोन सुके नारळ बांधले आणि देवळामागच्या तळीत सोडला. आई काठावरून ओरडत होती. पहिले आठ दिवस नुसतं नाकातोंडात पाणी. मग पाय राहिला मागे आणि हात चालायला लागले. मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये, पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं होतं, हे आमच्या घरात कोणाला ठाऊकही नव्हतं. बिस्किटं बंद झाली, कारण पोहून आल्यावर त्याला कुळथाची पिठी आणि भातच लागायचा, तोही दोनदा. हे मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही.

60 मिनिटांचा आकडासुद्धा माझा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये अपंग मुलांसाठीही तो दिला आहे, दिवसाला सरासरी म्हणून. एका दमात पुरी करा असं मीही म्हटलं नव्हतं. लेख नीट वाचायचा असतो.

ठसक्याचं म्हणाल तर भाकरीचा हट्ट कोण धरतंय? नाचणीचं सत्त्व शिजवून द्या. फक्त पेजेसारखं पातळ नको, पातळाने कित्येक मुलांना उलट जास्त ठसका लागतो. किती घट्ट ठेवायचं, ते तुमच्या थेरपिस्टला विचारा.

राहिले शिक्षक आणि रॅम्प. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी द्यायची, असं त्यात लिहिलेलं आहे. त्यासाठी माझ्यावर कशाला चिडता?

भाऊ अजून तळीत उतरतो. पावसात तेवढा नाही, पायऱ्यांवर शेवाळ असतं. तुमची प्रतिक्रिया त्याला वाचून दाखवली, तर हसला आणि म्हणाला, "बाई खरां बोलतत, माका तळीर न्हेऊक बाबा तरी होते." तो पहिल्यापासून असाच, समोरच्याची बाजू घेणारा.