लाळेरे आणि राहून गेलेला हुरडा

तिसरा महिना संपता संपता आमच्या कन्येला आपल्याला हात आहेत, असा शोध लागला. तोवर ते हात अधूनमधून तिच्याच नाकावर आपटत आणि ती आम्ही मारल्यासारखी आमच्याकडे बघून रडत असे. आता मात्र डोळे उघडताच उजवी मूठ तोंडात जाऊ लागली. थोड्या वेळाने डावीही तिच्याशेजारी कोंबण्याचा प्रयत्न होई आणि दोन मुठी एका तोंडात मावत नाहीत हे कळले, की शेजारच्या बिल्डिंगपर्यंत ऐकू जाईल अशी तक्रार सुरू होई. या सगळ्या उद्योगात हनुवटीवरून लाळेची एक लांब, चकाकती तार निघे, पंख्याच्या वाऱ्यावर क्षणभर झोका घेई आणि नेमकी माझ्या इस्त्रीच्या शर्टाच्या खांद्यावर उतरे. वाळल्यावर तिथे गोगलगाय फिरून गेल्यासारखा पट्टा राहतो आणि तो कचेरीत सर्वांत आधी शिपायाला दिसतो, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

माझ्या आईने जुनी सुती साडी फाडून चौदा लाळेरी शिवली. चैत्रातल्या उन्हात लाळेरे अर्ध्या तासात वाळत असे आणि बाळाच्या गळ्यात ते दहा मिनिटांत भिजत असे, त्यामुळे ही चौदा लाळेरी कधीच एकत्र कोरडी दिसली नाहीत. हनुवटीखालच्या वळीत लाल पुरळ उठले, तेव्हा ती वळी उघडून टिपण्याचे नाजूक काम माझ्याकडे आले. चौकशी, तपास आणि निकाल मात्र सासूबाईंनी स्वतःकडे ठेवला होता.

“डोहाळे राहिलेत काहीतरी,” बाळाकडे एकदाच निरखून पाहत त्या म्हणाल्या. खोलीत शांतता पसरली आणि पत्नीने भिंतीकडे बघत एकच शब्द उच्चारला, “हुरडा.”

पत्नीचे माहेर मंगळवेढ्याकडचे, म्हणजे ज्वारीच्या राज्यातले. तिला हुरड्याची आठवण झाली ती भर आषाढात, बाहेर पाऊस कोसळत असताना. हुरडा थंडीत निघतो, कणसे कोवळी असताना गोवऱ्यांच्या आरात भाजून हातावर चोळायचा असतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पण डोहाळे पंचांग बघून लागत नाहीत. मंडईत विचारल्यावर भाजीवाल्याने माझ्याकडे असे पाहिले, की मी निमूटपणे दोन मक्याची कणसे घेऊन परतलो. त्याने काही भागत नाही, हे मला तेव्हाच सौम्य शब्दांत सांगण्यात आले होते. पुढे पौषात खरा हुरडा आला, तेव्हा घरात महिन्याभराची बाळंतीण होती आणि तिच्या ताटात काय वाढायचे, याबाबत मला मतदानाचा हक्क नव्हता.

निर्दोष सुटण्याच्या आशेने मी बालरोगतज्ज्ञांना गाठले. त्यांनी समजावले, की दोन-तीन महिन्यांनंतर लाळेच्या ग्रंथी जोमाने कामाला लागतात, पण तयार झालेली लाळ वेळच्या वेळी गिळायला बाळ अजून शिकलेले नसते आणि ती अडवायला समोर दातही नसतात. मुठी चोखणे म्हणजे हातांशी ओळख करून घेणे. त्यावरून दात उद्याच येणार असे समजायचे कारण नाही. दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू होतात आणि वीस दुधाचे दात पुरे व्हायला जवळजवळ तीन वर्षे जातात. हिरड्यांना बधिर करणारे मलम लावू नका, मोठा ताप किंवा जुलाब झाले तर ते दातांच्या नावावर खपवू नका, असेही त्यांनी बजावले. हे सारे मी घरी शब्दशः ऐकवले. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात ते बरोबरच आहे हो. पण मग हुरडा का नाही आणलात?”

इकडे बाळाच्या मामाची वेगळीच काळजी सुरू झाली होती. वरचे दात आधी आले तर मामाला जड जाते, असे त्याला कुणीतरी सांगितले होते. तो इंजिनियर आहे आणि असल्या गोष्टींवर त्याचा मुळीच विश्वास नाही, तरीही रोज संध्याकाळी त्याचा फोन येई आणि हवापाण्याच्या गप्पा झाल्या की तो सहज विचारी, “काही दिसतंय का? खाली की वर?”

सातव्या महिन्यात उष्टावणासाठी तो नवा रेशमी कुर्ता घालून आला. भाचीला मांडीवर घेऊन त्याने चांदीच्या चमच्याने खिरीचा पहिला घास तिच्या तोंडात घातला, आणि आतून ‘टक्’ असा बारीक आवाज आला. सगळे जण एकदम वाकले. सासूबाईंनी बोटाने ओठ हलकेच खाली ओढला, तशी खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढी पांढरी कड चमकली. “खालचा!” असे ऐकताच मामाने इतका मोठा सुस्कारा सोडला, की निरांजन विझता विझता राहिले.

त्याच वेळी भाचीने मूठ तोंडातून बाहेर काढली आणि तिच्यामागोमाग निघालेली लाळेची तार सावकाश त्या रेशमी कुर्त्यावर उतरली. मामाने कुर्त्याकडे पाहिले, मग सासूबाईंकडे. आणि सासूबाईंनी माझ्याकडे.