माळ्यावरचा रिसीव्हर खाली काढा

सध्या व्हॉट्सॲपवर एक सल्ला जोरात फिरतोय. बजेट ३०,००० असेल तर जुने रिसीव्हर (टीव्हीचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारा ॲम्प्लिफायर) आणि स्पीकर भंगारात द्या, ॲटमॉस (आवाज वरूनही येतोय असं वाटायला लावणारं डॉल्बीचं तंत्र) असलेला साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्या. वॉट जास्त तेवढा आवाज भारी. ऑप्टिकल केबलचा (प्रकाशातून डिजिटल आवाज नेणाऱ्या) जमाना गेला, सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय घ्या. खोलीत काही करावं लागत नाही. पुण्यात कितीतरी घरांत हौसेनं घेतलेला ५.१ संच (पुढे तीन, मागे दोन स्पीकर आणि फक्त बाससाठी एक सबवूफर) माळ्यावर पडून आहे. तो या सल्ल्यापायी रद्दीवाल्याकडे जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘भंगार’. ॲटमॉस आलं २०१२ साली, पण ओटीटीवरचे बहुतेक मोठे चित्रपट आजही ५.१ मध्ये ऐकता येतात. जुन्या रिसीव्हरला ऑप्टिकल केबलनं डॉल्बी डिजिटल ५.१ व्यवस्थित मिळतं. अडतं ते टीव्हीच्या सेटिंगपाशी. तिथे ‘पीसीएम’ (टीव्हीनं स्वतःच उलगडून दिलेला आवाज) निवडलेलं असेल, तर ऑप्टिकलमधून फक्त दोन चॅनल बाहेर पडतात आणि मागचे स्पीकर मुके राहतात. ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ निवडा. खर्च शून्य.

वॉटचा हिशेबही फसवा आहे. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. उलट ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (एका वॉटवर एक मीटरवर एवढा आवाज देणारा) स्पीकर ५० वॉटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८४ डेसिबलवाल्याला २०० वॉट लागतात. खोक्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलं असेल तर तो आकडा वाचूच नका.

साउंडबारमधलं ॲटमॉस बहुधा आवाज छतावर आणि बाजूच्या भिंतींवर आपटवून तयार होतं. आपल्याकडच्या हॉलला एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार, दुसरीकडे डायनिंगकडे उघडी जागा, वर पायऱ्यापायऱ्यांचं पीओपी. आवाज आपटणार कुठे? भिंतच नसेल तर त्या बाजूचा परिणाम मिळत नाही. हे दुकानातल्या डेमो रूममध्ये कळत नाही.

आणि ‘खोलीत काही करावं लागत नाही’ हे तर सगळ्यात चुकीचं. “संवाद ऐकू येत नाहीत, मारामारी आली की घर हादरतं” ही तक्रार घरोघरी आहे आणि तिचं मूळ बऱ्याचदा खोलीत असतं. व्हिट्रिफाइड टाइल्स, काच, मोकळ्या भिंती. हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागे झणझणाट राहिला, तर तोच झणझणाट प्रत्येक शब्दावर चढतोय. सोफा आणि स्पीकर यांच्यामध्ये जाड गालिचा, काचेवर जाड पडदे, मागच्या भिंतीला भरलेलं पुस्तकांचं कपाट, एवढ्यानं शब्द सुटे होऊ लागतात. पातळ फोमचे तुकडे चिकटवू नका. ते फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतात, घुमणारा बास तसाच राहतो. त्या बासचं गणित खोलीच्या मापात आहे. १५ फूट लांबीच्या खोलीत ३८ हर्ट्झच्या आसपासचे सूर कुठे फुगतात, कुठे गायब होतात. म्हणून सबवूफर काही वेळ सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एकच बासची ओळ लावा आणि खोलीभर रांगत ऐका. जिथे बास सगळ्यात नीटस वाटेल, तिथे सबवूफर. घरचे हसतील, हसू द्या.

संवाद बहुतांशी सेंटर स्पीकरमधून येतात. तो टीव्ही युनिटच्या बंद खणात कोंबू नका. उघड्या फळीच्या पुढच्या कडेला आणा, तोंड कानांकडे वळवा, रिसीव्हरमध्ये त्याची पातळी २-३ डेसिबल वाढवा. पैसे खर्चायचेच असतील तर पहिले या स्पीकरवर. रात्री रिसीव्हरचा नाइट मोड (मोठे आवाज दाबणारी सोय) लावा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे आणि बास स्लॅबमधून थेट खालच्यांच्या बेडरूममध्ये उतरतो.

केबलबद्दल दोनच ओळी. दीड-दोन मीटरच्या एचडीएमआयमध्ये मुलाम्यानं आवाज सुधारत नाही. स्पीकरसाठी १६ गेजची तांब्याची वायर पुरते, तपकीर गल्लीत ती मीटरवर मिळते.

जुना संचच नसेल, घर भाड्याचं असेल, वायर ओढणं शक्य नसेल, तर वेगळा सबवूफर असलेला साउंडबार जरूर घ्या. टीव्हीच्या स्पीकरपेक्षा तो कितीतरी बरा. सेकंडहँड स्पीकर घेणार असाल तर जाळी काढून वूफरची (बास वाजवणाऱ्या मोठ्या गोल पडद्याची) कड बोटानं हलकेच दाबा. फोम भुरभुरला तर भाव पाडून मागा. कड बदलून मिळते, कोन, म्हणजे मधला पडदाच, फाटला असेल तर मात्र सोडून द्या.