नरक रंगवून घेणाऱ्यांसाठी चार हिताचे शब्द

सावकारीत आपण बक्कळ पैसा केला असेल आणि परलोकातल्या हिशेबाच्या धास्तीने आता झोप लागत नसेल, तर लोकांचे व्याज परत करण्याच्या फंदात न पडता देवळाच्या भिंतीवर अंतिम निवाड्याचे चित्र काढून, त्यात एक उत्तमसा नरक रंगवून घ्यावा. इटलीतल्या पादुआ येथील एन्रिको स्क्रोवेन्यी यांनी हा मार्ग पूर्वीच घालून दिला आहे. त्यांचे वडील रेजिनाल्दो इतके नामांकित सावकार, की इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यात त्यांचे नावही न घेता, गळ्यातल्या थैलीवर त्यांच्या घराण्याचे निळ्या गाभण डुकरिणीचे कुलचिन्ह दाखवून, त्यांना नरकातल्या तापलेल्या वाळूवर बसवले. चिरंजीवांनी मात्र चॅपेल, म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, बांधले, चित्रकार जॉत्तोला कामावर नेमले आणि १३०५ मध्ये वास्तू प्रभूला अर्पणही करून टाकली.

चित्रकाराला सूचना देताना हात आखडता घेऊ नये. सैतान अवाढव्य आणि निळसर असावा, त्याच्या कानांतून साप निघावेत आणि त्याने माणसे कचाकचा खावीत. जॉत्तोच्या नरकात सावकार आपापल्या थैल्यांच्या दोऱ्यांनीच फासावर लटकले आहेत. अशी दृश्ये अवश्य काढून घ्यावीत, कारण शेजारचा सावकार लटकताना दिसला, की आपल्या धंद्याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. स्वतः आपण मात्र चित्राच्या मधल्या क्रुसाच्या पलीकडे, पुण्यवानांच्या बाजूला, गुडघे टेकून मेरीला चॅपेलची प्रतिकृती अर्पण करीत असावे. एन्रिको नेमके तेथेच आहेत. पैसे देणाऱ्याला जागा निवडण्याचा एवढा अधिकार असतोच.

नरकात गर्दी कोणाची करावी, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या सेंट थॉमस चर्चमधल्या अशाच चित्रात मुकुटधारी आणि बिशप यांच्याबरोबर हातात सुरई घेतलेली दारूविक्रेतीही नरकाच्या वाटेवर आहे. राजे आणि बिशप नरकात पाठवले, की चित्रकाराच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका उरत नाही. (ते बहुधा मागच्या पिढीतले असावेत, एवढी खबरदारी घ्यावी.)

तराजूचे दृश्यही विसरू नये. फ्रान्समधील ओतां येथील कॅथेड्रलच्या दारावर, बाराव्या शतकात कोरलेल्या शिल्पात, आत्म्यांचे वजन होत असताना सैतान पारड्याशी झोंबून ते आपल्याकडे झुकवू पाहतो. आपल्या पेढीवरच्या कारकुनांना हे शिल्प मुळीच दाखवू नये, त्यांना नवे काही शिकायला मिळणार नाही.

शेवटी लोक बोलतीलच. एन्रिकोंच्या शेजारच्या मठातील ऑगस्टिनियन साधूंनी १३०५ मध्येच तक्रार केली होती, की हा सारा थाट देवासाठी नसून बडेजावासाठी आहे. अशा तक्रारखोरांशी वाद घालू नये. त्यांच्यासाठी नरकाच्या बाजूला थोडी भिंत कोरी ठेवायला चित्रकाराला सांगावे.