मोठ्या सिस्टसाठी जबडा कापावाच लागतो?

‘जबड्यात मोठी सिस्ट निघाली की जबडा कापण्याशिवाय इलाज नाही. भोक पाडून नळी बसवणारे डॉक्टर नुसते पैसे उकळतात, आत राहिलेल्या गाठीचा कॅन्सर होतो.’ हा मेसेज सध्या बीड-परभणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो वाचून एक आई माझ्या दवाखान्यातून दहा वर्षांच्या लेकीला परत घरी न्यायला निघाली होती.

‘कापण्याशिवाय इलाज नाही.’ चूक. सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. तिच्या आतल्या दाबाने हाड झिजत जातं. पिशवीला तोंडात उघडणारी खिडकी केली आणि ती बुजू नये म्हणून नळी बसवली की दाब उतरतो आणि काही महिन्यांत कडेकडेने नवं हाड भरून येतं. कार्ल पार्ट्श या जर्मन सर्जनने ही पद्धत १८९२ साली मांडली. गाठ आक्रसली की उरलेली पिशवी काढता येते. तीच मोठी असताना एकदम काढायला गेलं, तर नस दुखावून ओठ बधिर होऊ शकतो, पातळ झालेला जबडा मोडू शकतो. लेकरांमध्ये तर गाठीत अडकलेला कायमचा दात पुष्कळदा आपसूक वर येतो.

‘कॅन्सर होतो.’ सिस्टचा कॅन्सर होणं फार दुर्मीळ. गुटख्यापायी आपल्याकडे लोकांनी तोंडाचे कॅन्सर जवळून पाहिलेत, त्यामुळे भीती समजते. म्हणूनच खिडकी करतानाच पिशवीचा तुकडा बायोप्सीला पाठवतात. अमेलोब्लास्टोमा हा जबड्याचा ट्यूमर एक्स-रेत सिस्टसारखाच दिसू शकतो. तो निघाला तर जबड्याचा भाग काढावा लागू शकतो. बायोप्सी न करता कुणी नळी बसवत असेल, तर बेलाशक जाब विचारा. केराटोसिस्ट या प्रकारच्या सिस्टला परत येण्याची खोड असते, तिथे वर्षानुवर्षं ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढत राहावं लागतं.

पैशांची शंका असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा.

या उपचाराची खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. पोकळी रोज सिरिंजने सलाईन मारून धुवावी लागते, कित्येक महिने. नळी निघाली आणि तशीच राहिली, तर भोक लवकर आवळतं आणि गाठ पुन्हा भरते. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला हे कसं जमावं? उचल घेतलेली, दसरा झाला की फडावर, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परत येणं नाही. अशा घराशी तारखा आधी बोलून घेतल्याच पाहिजेत. आम्ही डॉक्टर तिथे कमी पडतो.

त्या आईचंही कोडं हेच होतं. दुसऱ्या दिवशी ती गावाकडे राहणाऱ्या सासूबाईंना घेऊन आली. सिरिंज कशी धरायची ते आता आजी शिकतायत.