लिज्जतचं उदाहरण हवं होतं

संस्थेची मूल्यं ठरवायला वरिष्ठांची कार्यशाळा घ्यावी, असं लेखात म्हटलंय. घ्या बापडे! आमच्याकडेही झाली होती. 'परस्पर आदर' असं छापलेला फलक लिफ्टशेजारी लागला आणि त्याच्याच खाली उभं राहून साहेब शिपायावर खेकसायचे.

त्यापेक्षा लिज्जतकडे बघा. १९५९ साली गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज ४० हजारांवर भगिनी (सभासद बायकांना तिथे असंच म्हणतात) आहेत आणि लाटणारी प्रत्येक जण सहमालक. पुरुष आहेत, पण पगारी; सभासद नाहीत. देणगी घ्यायची नाही, हे पहिल्यापासूनच ठरलेलं. सकाळी मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, तपासून झाले की मजुरी हातात. कारभार पाहणाऱ्याही याच भगिनींमधल्या, त्यामुळे पापड नीट लाटला नाही तर थाप चालत नाही. नफा झाला तर सगळ्यांचा, खोट आली तर तीही वाटून घ्यायची. माझ्या मते खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. आमच्या साहेबांचा बोनस आमच्या वेतनकपातीच्या वर्षीही चुकला नव्हता!

लेखकाने पुढच्या भागात तोट्याच्या वाटणीवर जरूर लिहावं.